गाईंनी राखलेलं बेट

जगाचा नकाशा उघडा बरं! युरोपच्या वरच्या अंगाला स्वीडन नावाचा लांबुळका देश दिसेल. त्याच्या आग्नेय किनाऱ्याजवळ, बाल्टिक समुद्रात, काठीसारखं एक बारीक बेट आहे. लांबी १३७ किलोमीटर आणि रुंदी जास्तीत जास्त १६! या बेटाचं नाव ओलांड. यातला 'ओ' मात्र आपल्या 'ओ'सारखा नाही. ओठ 'ओ' म्हणताना करतो तसे गोल करायचे आणि आतून 'ए' म्हणायचं. जमलं? स्वीडिश भाषेत या एका अक्षराचाच अर्थ होतो 'बेट'!

आज आपल्याला या बेटावर मोटारीनं भटकायचंय. महिना निवडलाय जून. तिथे जूनमध्ये सूर्य पहाटे साडेचारच्या आत हजर होतो आणि मावळतो रात्री पावणेदहाच्या सुमाराला. त्यामुळे घाई अजिबात नाही. वाटेल तिथे थांबू, वाटेल तिथे उतरू.

गाडीत बसलात? पट्टे बांधा. हो, मागे बसलेल्यांनीसुद्धा! इथे भर उन्हातही गाडीचे दिवे लावावे लागतात, तसा कायदाच आहे. आणि गाडी चालवायची उजव्या बाजूनं. गंमत म्हणजे पूर्वी स्वीडनमध्येही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक होती. ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे सगळ्या देशानं एकदम बाजू बदलली!

मुख्य भूमीवरच्या काल्मार शहरातून निघालं की समोर येतो समुद्रावरचा पूल. तो सहा किलोमीटरांहूनही थोडा लांब आहे. १९७२ साली तो सुरू झाला, तेव्हा युरोपातला सर्वांत लांब पूल होता. त्याआधी लोक बोटीनं जायचे. म्हणून तर पलीकडच्या गावाचं नाव फार्येस्तादेन, म्हणजे 'नावेचं गाव'. आता पूल ओलांडला की आलंच ओलांड!

इथून आपण दक्षिणेकडे वळू. रस्ता एका लांबलचक उंचवट्यावरून जातो. उजवीकडे खाली हिरवी शेतं आणि त्यापलीकडे निळा समुद्र. मध्येच गेट्लिंगे इथे थांबू. सुमारे दोन किलोमीटर पसरलेलं हे प्राचीन दफनस्थान आहे. कुठे नुसते उभे दगड, तर कुठे दगड मांडून केलेला नावेचा आकार. समुद्रावर जगणाऱ्या माणसांना मेल्यावरही नाव हवीशी वाटली असणार, नाही का?

आता डावीकडे नजर टाका. झाडं नाहीत, घरं नाहीत. क्षितिजापर्यंत नुसतं उघडं माळरान! याला म्हणतात 'मोठं आल्वार'. २६० चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेलं हे रान आहे. गाडी बाजूला लावा आणि पायी चला. पायाखाली चुनखडीचा सपाट खडक आहे. ४५ कोटी वर्षांहूनही अधिक काळापूर्वी हा समुद्राचा तळ होता. फरशीसारख्या दगडावर लांब, निमुळता, शंकूसारखा ठसा दिसला, तर तो त्या समुद्रातल्या प्राण्याचा! आजच्या माकुळाचा हा दूरचा नातेवाईक. पुढे हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी हा खडक खरवडून काढला. आता त्यावर मातीचा इतका पातळ थर आहे, की काही ठिकाणी बोटाचं पेरसुद्धा बुडणार नाही.

अशा जागी काय उगवणार, असं वाटतं ना? खाली बसून बघा. पांढरी, जांभळी, पिवळी फुलंच फुलं! आपल्याकडे कासचा सडा पाहिलेल्यांना याचं नवल वाटणार नाही. तिथेही खडकावरच्या चिमूटभर मातीत फुलं बहरतात. ओलांडवर ऑर्किडच्याच तिसाहून अधिक जाती आहेत. एक इवलंसं पिवळं फूल तर असं आहे, की त्याचा इथला प्रकार जगात दुसरीकडे कुठेच आपोआप उगवत नाही. पण तोडायचं नाही हं! स्वीडनमध्ये ऑर्किड तोडायला बंदी आहे.

१७४१ साली कार्ल लिनियस हा ३४ वर्षांचा शास्त्रज्ञ सहा तरुणांना घेऊन इथे आला होता. वनस्पती आणि प्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देण्याची पद्धत ज्यानं रुजवली, तोच हा लिनियस. रंगासाठी आणि औषधासाठी उपयोगी वनस्पती शोधायचं काम संसदेनं त्याच्यावर सोपवलं होतं. तेव्हा रशियाशी युद्धाचं वातावरण होतं. त्यामुळे फुलं गोळा करत, वहीत काहीबाही लिहीत हिंडणारी ही मंडळी गावकऱ्यांना चक्क हेर वाटली!

चला, पुढे निघू. थोड्या वेळानं वाटेत एक जुनी दगडी भिंत लागते. ही बांधली गेली १६५३ साली, बेटाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत. कशासाठी? राजघराण्याच्या हरणांसाठी! १५६९ पासून १८०१ पर्यंत हे सगळं बेट राजाचं शिकारीचं रान होतं. हरणांनी शेत खाल्लं तरी शेतकऱ्यानं त्यांना मारायचं नाही. मग भिंत घातली. दक्षिणेला राजाची हरणं, उत्तरेला गावकऱ्यांची गुरं. राजांची शिकार कधीच संपली, पण ती ठिपक्यांची हरणं अजून तिथे चरतात.

भिंतीपलीकडे, बेटाच्या अगदी टोकावर, उभा आहे 'उंच यान'. हे एका दीपगृहाचं नाव आहे. १७८५ साली बांधलेला हा मनोरा जवळजवळ ४२ मीटर उंच आहे, म्हणजे स्वीडनमधला सर्वांत उंच. आत १९७ पायऱ्या आहेत, मोजत चढा! सुरुवातीला वर चक्क उघडा जाळ पेटवत असत. खाली खडकांवर सील पहुडलेले दिसले तर तुमचं नशीब. शेजारीच पक्षी अभ्यास केंद्र आहे. १९४६ पासून इथे पक्षी अलगद पकडून, त्यांच्या पायात क्रमांक कोरलेलं हलकं कडं घालून सोडून देतात. तोच पक्षी दूरदेशी सापडला, की त्याचा प्रवास कळतो.

भूक लागली? इथला खास पदार्थ म्हणजे क्रोप्काका. बटाट्याचा उकडलेला मोठा लाडूच म्हणा ना! आत मात्र सारण असतं डुकराच्या मांसाचं. सोबत आंबटगोड लाल फळांचा मुरंबा.

पोट भरलं की पूर्वेच्या रस्त्यानं उत्तरेकडे वळू. जवळच एकेतोर्प हा जुना गोल कोट आहे. पहिल्यांदा तो दीड हजार वर्षांपूर्वीपेक्षाही आधी बांधला गेला. उत्खननानंतर त्याची तटबंदी पुन्हा उभी केली आहे. उन्हाळ्यात आत मेंढ्या आणि डुकरं हिंडताना दिसतात, पूर्वी असायची तशीच.

पुढे गावामागून गावं लागतात. घरं रस्त्याच्या कडेनं एका ओळीत. शेतांमध्ये मैलोन्मैल दगडी गडगे, थेट आपल्या कोकणातल्यासारखे. आणि पवनचक्क्या! लेर्काका गावात पाच चक्क्या ओळीनं उभ्या आहेत. बेटावर मोठी नदी नाही, पण वारा मुबलक. म्हणून जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याची दळणाची स्वतःची चक्की असायची. एकोणिसाव्या शतकात इथे जवळजवळ दोन हजार चक्क्या होत्या, आता साडेतीनशेच्या आसपास उरल्या आहेत. सगळं लाकडी घरच एका जाड खांबावर बसवलेलं असतं. वारा फिरला की मागचा लांब दांडा ढकलून अख्खं घर वाऱ्याकडे वळवायचं!

आता एक प्रश्न. ते माळरान एवढं उघडं का? माती पातळ म्हणून? हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे गाई आणि मेंढ्या! बेटावर पाच हजार वर्षांपासून माणसं राहतात. त्यांची गुरं त्या रानात चरायची. उंच गवत आणि झुडपं गुरांनी खाल्ली, तुडवली, म्हणून जमिनीलगतच्या चिमुकल्या फुलांना ऊन मिळालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गरिबीपायी इथले हजारो लोक अमेरिकेला गेले. पुढे शेतीच बदलली. रानातली गुरं कमी झाली. मग काय झालं ठाऊक आहे? जुनिपर नावाच्या काटेरी झुडपानं माळ व्यापायला सुरुवात केली आणि त्याच्या दाट सावलीत फुलं नाहीशी होऊ लागली.

म्हणजे रान नुसतं 'सोडून दिलं' की वाचतं, असं नेहमीच नसतं. १९९० च्या दशकात लोकांनी झुडपं तोडून माळ मोकळा केला. तिथे गुरं चारणाऱ्या शेतकऱ्यांना सरकारकडून मदत मिळू लागली. २००० साली युनेस्कोनं या दक्षिण ओलांडला जागतिक वारशाचा मान दिला तोही 'शेतीचा प्रदेश' म्हणून! गुराखी नसेल तर हा वारसाही नसेल. म्हणून रानात शिरताना कुंपणाचं फाटक उघडलंत, तर मागे वळून आठवणीनं लावून घ्या. गुरं बाहेर गेली की शेतकऱ्याची धावपळ होते.

उत्तर टोकाला 'उंच एरिक' नावाचं दुसरं दीपगृह आहे. वाऱ्यानं वेड्यावाकड्या वाढलेल्या पाइनचं 'राक्षसांचं रान'ही तिकडेच आहे. पण ते पाहायला आणखी एक दिवस हवा. आपण आज बोरीहोल्मच्या किल्ल्यापाशी थांबू. केवढ्या जाड भिंती! पण १८०६ साली आग लागली आणि राजाचा हा वाडा जळून गेला. आजही त्याच्या डोक्यावर छप्पर नाही. खिडक्यांच्या मोकळ्या चौकटींतून पश्चिमेचा समुद्र दिसतो. रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि सूर्य अजून पाण्याच्या वर आहे! बसा थोडा वेळ. पूल इथून फार लांब नाही.