बिनधन्याची गाडी

मंगल कार्यालयाच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या माणसाला वेगळं पंचांग पाहावं लागत नाही. मुहूर्त किती दाट आहेत ते पार्किंगवरून कळतं. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचं फाटक तेव्हा दिवसा उघडंच असायचं आणि तुळशीच्या लग्नानंतर त्यातून कुणाकुणाच्या गाड्या आत यायच्या, याचा हिशोब नसे. हटकलं तर उत्तर ठरलेलं. "पाचच मिनिटं काकू, अक्षता टाकून आलोच." अक्षतांनंतर पंगत, पंगतीनंतर फोटो, फोटोनंतर विहीणबाईंचा निरोप. संध्याकाळपर्यंत गाड्या आपोआप निघून जात, म्हणून आम्हीही कुरकुर करून गप्प बसायचो.

ती करड्या रंगाची गाडी मात्र गेली नाही.

एमएच ११, म्हणजे साताऱ्याकडची. बी विंगमधल्या एका काकांना सोसायटीने दिलेल्या सात नंबरच्या जागेत ती नीट, अगदी पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये लावलेली होती. त्या आठवड्यात शेजारी लागोपाठ लग्नं झाली, तेव्हा ती नेमकी कुठल्या वऱ्हाडातली हे सांगणार कोण? काचेवर धूळ बसली, धुळीवर पोरांनी नावं लिहिली, त्या नावांवर पुन्हा धूळ बसली. काका रोज सकाळी आपली गाडी गल्लीत लावून यायचे आणि माझ्या दाराची बेल वाजवायचे. बँकेतून निवृत्त झालेलं माणूस सापडलं की सोसायट्या त्याला सेक्रेटरी करतात. मीही त्याच वाटेने त्या खुर्चीवर आले होते.

कमिटीच्या बैठकीत उपायांचा पाऊस पडला. चारही चाकांतली हवा सोडा. जॅमर लावा आणि दिवसाला पाचशे रुपये दंडाची पाटी टांगा. क्रेनवाला बोलवा, टोचन लावून डेपोपाशी नेऊन सोडा. सगळ्यांत सुपीक कल्पना चेअरमनसाहेबांची होती. गाडी फक्त फाटकाबाहेर ढकलायची. रस्त्यावर गेली की ती वाहतूक पोलिसांची डोकेदुखी.

ही कल्पना त्यांना वाहतूक शाखेच्या चौकीवरच सुचली होती. आम्ही दोघं तिथे आधी जाऊन आलो होतो. हवालदारांनी चहा विचारला आणि सांगितलं, "मॅडम, रस्त्यावर असती तर आत्ता उचलली असती. कंपाउंडच्या आत आमचा हात पोचत नाही." ते खरंच होतं. घरी येऊन मी १९८८चा मोटार वाहन कायदा काढून बसले. सोडून दिलेली गाडी हलवण्याचा अधिकार कलम १२७ मध्ये आहे. गाडी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस उभी असेल किंवा मनाई असलेल्या ठिकाणी असेल, तर गणवेशातला पोलीस ती ओढून न्यायला किंवा जॅमर लावायला सांगू शकतो. पण हे सगळं सार्वजनिक ठिकाणी. आणि सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथे जनतेला जाण्याचा हक्क आहे ते. आमच्या आवारात जनता येत होती खरी, पण हक्काने नव्हे. म्हणजे जागा आमच्या मालकीची आहे, नेमक्या याच कारणाने ती गाडी तिथे सुरक्षित होती.

चेअरमनसाहेबांना मी एवढंच विचारलं, की हँडब्रेक लावलेली, कुलूपबंद गाडी ढकलताना गिअरबॉक्स गेला तर बिल कोणाच्या नावाने फाडायचं? शिवाय रस्ता अडवणारे मग आपण ठरू, आणि ढकलताना आपलाच कॅमेरा आपलं चित्रीकरण करणार. ते म्हणाले, कॅमेरा बंद ठेवू. विषय तिथेच संपवला.

जॅमरचा आग्रह त्याहून चिवट होता, कारण रस्त्यावर पोलीस लावतात ते आपण लावलं तर काय बिघडलं, असं सगळ्यांनाच वाटतं. सुदैवाने पलीकडच्या गल्लीतल्या सोसायटीने तो प्रयोग आमच्या आधी करून ठेवला होता. लग्नाला आलेल्या एका पाहुण्याच्या चाकाला त्यांनी जॅमर लावला आणि हजार रुपये मागितले. पाहुण्याने पैसे काढण्याऐवजी ११२ फिरवला. नंतर चौकीत जाऊन बसावं लागलं ते त्यांच्या खजिनदारांना. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दोन्ही बाजूंसाठी कलमं आहेत, हे लोक विसरतात. कलम ३२९ आगळिकीचं आहे, पण त्याला नुसतं घुसणं पुरत नाही. गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. अक्षता टाकायला आलेल्याचा तसा हेतू होता, हे कोण सिद्ध करणार? उलट निघालेल्या माणसाची वाट अडवली तर कलम १२६ आपल्याकडे बोट दाखवतं, आणि गाडी सोडायचे पैसे मागितले की प्रकरण आणखी कुठे जाईल ते तक्रार लिहून घेणाऱ्यावर अवलंबून.

माझा भाचा कॅलिफोर्नियात, सॅन होजेला असतो. फोनवर हे ऐकून तो हसत सुटला. "मावशी, टोइंगवाल्याला फोन कर ना." त्यांच्याकडे ते इतकं सोपं आहे, कारण आधीची किचकट कामं कायद्यानेच करून घेतली आहेत. प्रत्येक प्रवेशद्वारावर निदान १७ बाय २२ इंचांची पाटी हवी, अक्षर एक इंचाहून लहान नको, पाटीवर पोलिसांचा आणि ज्याच्याशी लेखी करार आहे त्या टोइंगवाल्याचा नंबर हवा आणि गाडी उचलायला सांगितल्यापासून तासाभरात पोलिसांना कळवायला हवं. इंग्लंडने मात्र अगदी उलटी वाट धरली. १ ऑक्टोबर २०१२ पासून तिथे खासगी जागेत परवानगीशिवाय दुसऱ्याच्या गाडीला जॅमर लावणं किंवा ती ओढून नेणं हाच गुन्हा झाला. जॅमरवाल्यांनी लोकांना इतकं लुबाडलं होतं.

आपल्याकडे ना ती पाटी, ना ती बंदी. मजा अशी, की आपल्या शेतात दुसऱ्याची म्हैस शिरून नासधूस करू लागली तर काय करायचं, हे १८७१च्या गुरांच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. धरा आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवा. म्हशीसाठी कोंडवाडा आहे, मोटारीसाठी नाही. इंग्रजांना दोष देत नाही. १८७१ साली मोटारच नव्हती.

तेव्हा राहिला कागदाचा मार्ग. नोकरीत मी दुसरं काही केलंच नव्हतं, त्यामुळे त्याचा मला कंटाळा नाही. कमिटीचा ठराव केला. तारीख दिसेल असे फोटो काढले. काचेवर नोटीस चिकटवली, तीच फाटकावर लावली. मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाला पत्र दिलं, की तुमच्या यजमानांकडे चौकशी करा. त्यांनी खरोखर केली. कुणीच गाडी आपली म्हणेना. एम-परिवहनवर नंबर टाकला तर मालकाच्या नावाच्या जागी दोन-चार अक्षरं आणि बाकी फुल्या. विमा संपलेला, पीयूसी संपलेली. पूर्ण नाव आणि पत्ता हवा तर पोलीसच.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "जागा कोणाची?" काकांनी छाती पुढे करून "माझी" म्हटलं आणि मी त्यांच्या कोपराला हात लावला. जागा काकांची नव्हती. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं, की इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती सामाईक जागा आहे. सोसायटी ती सभासदाला वापरायला देते, इतकंच. त्यामुळे तक्रारदार सोसायटीच हवी, नोंदणी प्रमाणपत्र सोसायटीचं, ठराव सोसायटीचा आणि सही सेक्रेटरीची. काका खट्टू झाले. बिल्डरला मोजलेले पैसे त्यांना आठवले असणार.

तक्रार अर्ज दिला, प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. काही झालं नाही. पुन्हा गेले, तरी काही नाही. 'अनधिकृत पार्किंगबाबत' असा विषय असलेला कागद पोलीस ठाण्यात कुठल्या थराला जाऊन पडतो ते मला बँकेतल्या अनुभवावरून उमजायला हवं होतंच. तिथेही विषयाच्या ओळीवर कागदाचं नशीब ठरायचं. दुसरा अर्ज लिहिला तेव्हा विषय बदलला: 'आवारात दीर्घकाळ उभ्या असलेल्या अनोळखी, बेवारस वाहनाची पडताळणी होण्याबाबत'. मजकुरात एकही शब्द खोटा नव्हता. ठाणे अंमलदारांनी तो वाचून नंबरकडे पुन्हा पाहिलं.

पुण्यात हे का लागू पडतं ते बाहेरच्याला कळणार नाही. १० जुलै २०१४ रोजी फरासखाना पोलीस ठाण्याच्या पार्किंगमध्ये, म्हणजे पोलिसांच्याच अंगणात, एका मोटारसायकलमध्ये स्फोट झाला. ती मोटारसायकल साताऱ्याहून चोरलेली होती. त्यानंतर इथल्या पोलिसाला परक्या पार्किंगची तक्रार कंटाळवाणी वाटेल, पण परकं वाहन कंटाळवाणं वाटत नाही. त्याच दिवशी दोघे जण आले. बॉनेटपाशी वाकून चासी नंबर टिपला, खालून टॉर्च मारला, वायरलेसवर बोलले. चोरीची असती तर त्यांनी ती जागच्या जागी जप्त केली असती आणि माझं काम तिथेच झालं असतं. पण चोरीची नव्हती.

"मालक सापडला काकू," त्यातला तरुण शिपाई म्हणाला, "पण गाडी फायनान्सची आहे. बोजा आहे."

मग चित्र लख्ख झालं. कर्जाच्या खात्यांवर माझी कित्येक वर्षं गेली. हप्ते थकले की लोक गाड्या कुठे कुठे लपवतात ते मी पाहिलेलं आहे. सासुरवाडीला, उसाच्या फडात, मित्राच्या गोदामात. लग्नाच्या गर्दीत उघड्या फाटकाच्या सोसायटीत लपवणारा मात्र पहिलाच. जिथे कुणी कुणाला विचारत नाही, फुकट छप्पर आहे आणि वर कॅमेऱ्याचा पहारा! माणूस हुशार होता.

पोलिसांसमोरच त्याच्याशी फोनवर बोलले. आवाज दमलेला होता. "मॅडम, धंदा बसला. गाडी ओढून नेतील म्हणून ठेवली. थोडे दिवस राहू द्या." मला वाईट वाटलं नाही असं नाही. त्याला सांगितलं, की बँकेशी लेखी बोल, हप्त्यांची फेररचना माग, गाडी लपवून व्याज थांबत नाही. आणि गाडी आठवड्यात इथून ने. तो हो म्हणाला. आला नाही.

बँकेला खबर कुठून लागली ते मला माहीत नाही; मी दिलेली नव्हती. एका दुपारी सीझिंगची दोन पोरं मोटारसायकलवरून आली, मागे छोटी क्रेन. आमच्या वॉचमनकाकांनी तर आनंदाने फाटक सताड उघडलं. मी खाली उतरून ते बंद करायला लावलं.

"मॅडम, तुम्हालाच तर ही नको आहे ना?" एक जण चक्रावून म्हणाला.

नको होतीच. पण कागद कुठे होते? बँकेचं अधिकारपत्र, ओळखपत्र, कर्जदाराला दिलेल्या नोटिशीची प्रत, पोलीस ठाण्याला दिलेली आगाऊ सूचना? मोबाइलवरचा एक फोटो त्यांनी पुढे केला. गुंडांकरवी वाहनं ओढण्यावरून सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच बँकांना खडसावलेलं आहे, आणि उद्या कर्जदार उठून म्हणाला असता की सोसायटीने माझी गाडी कुणाच्याही हवाली केली, तर कुणा-कुणाची समजूत घालत बसले असते? चेअरमनसाहेब गॅलरीतून ओरडत होते, "जाऊ द्या हो, नेऊ द्या!" पोरं पुटपुटत परत गेली. त्या संध्याकाळी माझ्याशी जिन्यात कुणी बोललं नाही.

दोन-तीन दिवसांनी ती पोरं कागदांसकट आली. सोबत बँकेचा माणूस, पोलिसांचा शिक्का असलेलं सूचनापत्र. गाडीतल्या सामानाची यादी करूनच न्यायची अशी मी अट घातली, आणि यादी आमच्या टेबलावर बसून झाली: स्टेपनी एक, जॅक एक, छत्री, औषधांची पिशवी, मागच्या सीटवर चमकत्या कागदातला डिनर सेट. बहुधा आहेर, द्यायचा राहून गेलेला. खासगी सामान मालकाला परत देण्याचं बँकेच्या माणसाने लिहून दिलं, आम्ही दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि टोचन लावून गाडी बाहेर पडली. ज्याची जमीन त्याला जे जमत नव्हतं, ते ज्याचा बोजा त्याला जमलं. आरसी पुस्तकावरच्या त्या एका नोंदीने.

पुढच्या सर्वसाधारण सभेत स्टिकरचा ठराव झाला, फाटक बंद ठेवायचं ठरलं आणि पाहुण्याचा फोन नंबर वहीत लिहिल्याशिवाय गाडी आत नाही, असंही. मंगल कार्यालयाशी लेखी समझोता झाला. मुहूर्ताच्या दिवशी त्यांचा एक माणूस आमच्या फाटकावर उभा असतो आणि त्याचा पगार ते देतात. या एका गोष्टीने जो फरक पडला तो कुठल्याही कलमाने पडला नसता. दुसऱ्याची गाडी बाहेर काढण्याची कायदेशीर पद्धत शोधत मी इतकी पायपीट केली, पण आमच्याकडे खरी कायदेशीर सोय आहे ती तिला आत न येऊ देण्याचीच.

गाडी जितका काळ उभी होती त्याचं पार्किंग भाडं बँकेकडून वसूल करावं, असं चेअरमनसाहेबांचं म्हणणं होतं. पत्र पाठवलं. उत्तर नाही, येणारही नाही. काकांनी मात्र लेखी अर्ज दिला आहे, की त्या महिन्यांचं आमचं पार्किंग शुल्क परत मिळावं, शिवाय गल्लीत लावलेल्या गाडीच्या आरशाची भरपाईही. मुद्दा अगदीच गैर नाही. अर्जाला आवक क्रमांक देऊन मी तो पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे.