मी मुलाखतीला जातो

आमच्या घरात ‘मुलाखत’ हा शब्द पहिल्यांदा आला तो माझ्याबरोबर. त्याआधी घरातले सगळे कामाला लागले ते कुणीतरी “उद्यापासनं ये” म्हटल्यावर. त्यामुळे एका मोठ्या कंपनीत प्रोग्रॅम मॅनेजरला शिकाऊ मदतनीस हवेत, बी. ए.ची मुलंही चालतील, अशी नोटीस वाचून मी अर्ज केला, तेव्हा वडिलांनी विचारलं, “कसला रं प्रोग्रॅम? ऑर्केस्ट्राचा?”

खरं सांगायचं तर मलाही गॅदरिंगपलीकडचा प्रोग्रॅम ठाऊक नव्हता. एका सरांनी समजावलं. मोठ्या ऑर्डरमध्ये पॅटर्न, मोल्डिंग, मशिनिंग, रवानगी अशी कितीतरी खाती गुंतलेली असतात. प्रत्येक खात्याला आपला साहेब असतो. पण सबंध माल तारखेला गिऱ्हाइकाच्या दारात पोचतो की नाही, हे बघायला एक माणूस लागतो. त्याचा हुकूम कुठल्याच खात्यावर चालत नाही आणि जबाब मात्र सगळ्यांचा त्यानं द्यायचा! म्हणजे आमच्या वर्गप्रतिनिधीसारखंच की, असं मनात आलं, बोललो नाही.

तयारी मी केली ती इतिहासाची. कोल्हापुरात नोकरीची मुलाखत म्हटल्यावर शाहू महाराज विचारणारच! २६ जुलै १९०२ चा हुकूम, संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी, सगळं घोकलं. दसरा चौकात के. एम. टी.च्या खिडकीतून महाराजांचा पुतळा दिसला, तेव्हा पुन्हा एकदा म्हणून घेतलं. पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत उतरलो, तोवर मित्राकडून मागून आणलेल्या बुटानं डावी टाच सोलली होती.

आत तिघे होते. पहिलाच प्रश्न आला, “वडील काय करतात?”

“सर्व्हिसला आहेत.”

कशी कुणास ठाऊक, ही दोन शब्दांची थाप निसटली. वडील त्याच वसाहतीतल्या दुसऱ्या एका कारखान्यात फेटलिंगला आहेत, कंत्राटी. ओतीव मालाचा नको तो भाग तोडायचा, ग्राइंडरनं घासायचा. संध्याकाळी येतात ते भुवयांपर्यंत काळे होऊन.

शाहू महाराज कुणी विचारलेच नाहीत. विचारलं ते असं : शनिवारी माल जायचा आहे, बुधवारी निम्मं कास्टिंग रिजेक्ट झालं. काय कराल?

बाहेर बसलेले उमेदवार ‘टीमवर्क’, ‘कम्युनिकेशन’ असं काहीबाही घोकत होते. मला त्यातलं एकही आठवेना. मी उलट विचारलं, “साहेब, रिजेक्ट कशानं झालं? भोकं पडली काय?”

ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा वडील घरी बसून होते. हाताला काम नाही म्हणून त्यांनी मला सगळं ओतकाम सांगितलं होतं. साच्याची वाळू जास्त ओली राहिली, की रस ओतल्यावर त्या ओलाव्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की कास्टिंगात भोकं पडतात. तेच मी सांगितलं. आधी वाळू तपासायची, मगच पुन्हा ओतायचं. नाहीतर गुरुवारचंही वाया. चांगला माल पुढं काढायचा आणि गिऱ्हाइकाला शनिवारी नव्हे, आजच कळवायचं.

मधल्या बाई लिहिता लिहिता थांबल्या. “हे कुठं शिकलात?”

आता सांगता आलं असतं.

“वाचनात आलं,” मी म्हणालो.

रात्री जेवताना वडिलांनी एकेक प्रश्न विचारून घेतला. वाळूचं ऐकून त्यांचा घास हातातच राहिला. आईकडं बघून हसले. मग म्हणाले, “आन् ह्ये तुला कुणी शिकीवलं, इचारलं न्हाई त्येनी?”

“विचारलं,” मी म्हणालो आणि आमटी वाढून घेतली.

निवड झाली नाही. पुढच्या महिन्यात आणखी एका कंपनीची मुलाखत आहे. तिच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाचा रकाना आहे. बाकीचा फॉर्म अजून कोराच आहे. तेवढा रकाना मात्र भरून ठेवला आहे : फेटलिंग कामगार.