दोन दारांच्या गाडीतून वैरागला

पुण्या-मुंबईचा माणूस हवापालटाला म्हणून वैरागला जात नाही. तिथे डोंगर नाही, समुद्र नाही, लेणी नाहीत. बार्शीहून दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर हे गाव लागते, आणि तसेच पुढे पंचेचाळीसेक किलोमीटर गेले की सोलापूर. ज्याचे काम आहे तो उतरतो, बाकीचे एस्टीच्या खिडकीतून पाटी वाचतात आणि नावावरून एखादा विनोद करतात. पण संक्रांतीच्या आगेमागे, शाळूची कणसे दुधावर येतात त्या दिवसांत, या काळ्या रानांत जे सुख आहे ते महाबळेश्वरला मिळायचे नाही. आमच्या काकूचे तिथे घर आहे, म्हणून हे आम्हाला ठाऊक.

गेल्या खेपेला, म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये, सौभाग्यवती आणि मी गेलो ते मात्र केवळ हुरड्यासाठी नव्हे. एक प्रश्न सोडवायचा होता. प्रश्न चार चाकांचा होता, आणि आम्ही त्यातच बसून निघालो होतो.

आमच्या घरी दोन मोटारी झाल्या आहेत. त्यांतली एक चिरंजिवांनी आणली. पांढरी, उंच, स्वतःच गियर बदलणारी, मागे जाताना मागचे चित्र दाखवणारी. दुसरी आहे १९६५ सालची स्टँडर्ड हेरल्ड, दोन दारांची. ही काकांची. नवी आली त्याच आठवड्यात घरात विषय निघाला की आता जुनीचे काय? मुंबईचे एक हौशी गृहस्थ तिला चांगली किंमत द्यायला तयार होते. इकडे नोंदणीचे नूतनीकरण जवळ आलेले. जुन्या मोटारीच्या या नूतनीकरणाची फी २०२२ सालच्या एप्रिलपासून सहाशेची एकदम पाच हजार झाली. शिवाय तिला जागा लागते. चिरंजीव म्हणाले, "बाबा, भावनेचं ठीक आहे, पण तिचा उपयोग काय?" मुलगा हिशेबी असला की असे प्रश्न विचारतो, आणि ते चुकीचे नसतात.

तरुण वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. १९६० नंतरच्या दशकात मध्यमवर्गीय माणसाने मोटार घ्यायची म्हटली की हिंदुस्थानात मुख्यतः तीनच नावे असत. कलकत्त्याजवळची ॲम्बॅसिडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. पहिल्या दोन्ही सभ्य, चार दारांच्या, गियरचा दांडा सुकाणूच्या खांबाला. हेरल्डला दारे दोनच, आणि गियरचा आखूड दांडा खाली, ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी. तिची आकृती जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने काढलेली. इंग्लंडात ती १९५९ साली आली, मद्रासेत १९६१ पासून तयार होऊ लागली. हिचीच चौकट आखूड करून इंग्लंडात १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर नावाची दोन माणसांची स्पोर्ट्स कार काढली, तिचीही आकृती मिकेलोत्तीचीच. म्हणजे आमच्या गाडीचे सख्खे भावंड शर्यतींत धावलेले! हिच्या अंगात मात्र चाळिशीच्या आतली अश्वशक्ती. तरी रक्त कुठे जाते?

पुढे १९६८-६९ च्या सुमारास हेरल्डचा चार दारांचा, मोठ्या इंजिनाचा अवतार आला. काकांच्या ओळखीच्या बार्शीच्या दोघा-तिघा डॉक्टरांनी लगोलग जुन्या विकून नव्या घेतल्या. काका वैरागचे डॉक्टर. सबंध दिवस खेड्यापाड्यांतून फिरणारे. त्यांना चार दारांचा उपयोग अधिक. पण त्यांनी बदलली नाही. लोक म्हणत, डॉक्टर चिक्कू आहेत. काका म्हणत, "तिला मी पाठ झालोय. दुसरीला पुन्हा पहिल्यापासून शिकवत कोण बसणार?"

आम्ही पहाटे पुणे सोडले. सोलापूरचा हमरस्ता आता इतका रुंद आणि गुळगुळीत झाला आहे की नव्या गाडीत आपण किती वेगाने चाललो आहोत याचा पत्ताच लागत नाही. काट्याकडे पाहिले की छातीत धस्स होते. हेरल्डचे उलट आहे. पासष्टाचा वेग धरला की वारा कानांत घोंगावतो, इंजिन गुणगुणते, रस्त्यावरची प्रत्येक सांधजोड बुडाखालून कळते, आणि माणसाला शंभराने उडाल्याचे समाधान मिळते. उसाचे ट्रकसुद्धा आम्हाला मागे टाकून जात होते, आणि जाताना त्यांचे क्लीनर हात हलवत होते. नव्या गाडीला कोणी हात हलवल्याचे मला स्मरत नाही.

भिगवणजवळ उजनीचे पाणी दिसू लागले. हिवाळ्यात इथे रोहित पक्षी उतरतात. लांबवर पाण्याच्या कडेला गुलाबी रेघ होती, ती तेच असावेत असे आम्ही ठरवून टाकले. पुढे भीमानगरला धरणाच्या अंगाने नदी ओलांडली आणि टेंभुर्णीला पेट्रोल भरले. इथे एक गंमत सांगतो. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते, ते जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना मानवत नाही. म्हणून मी साऱ्या नळ्या आधीच बदलून घेतल्या होत्या. हे इथेनॉल बरेचसे येते उसापासून, आणि सोलापूर जिल्हा म्हणजे साखर कारखान्यांचे आगर. तेव्हा मला मागे टाकून गेलेला ऊसच पुढल्या साली माझ्या टाकीत येणार होता म्हणायचा!

कुर्डुवाडीला चहाला थांबलो. टपरीवाल्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारले, "काका, किती देती ओ?" मी खरा आकडा सांगितला. त्याने माझ्याकडे अतिशय सहानुभूतीने पाहिले आणि चहाचे पैसे मात्र पुरे घेतले.

कुर्डुवाडी ते बार्शी हा रस्ता मला दुसऱ्याच एका कारणाने आवडतो. याच दोन गावांमध्ये १८९७ साली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियराने अडीच फूट रुंदीची चिमुकली रेल्वे सुरू केली होती. तिच्या जोरावर त्याचा लौकिक एवढा वाढला की इंग्लंडातल्या तशाच एका लहान रेल्वेच्या एका इंजिनाला त्याचे नाव दिले गेले. (उतारवयात हे गृहस्थ विमानातून उडी मारायच्या हवाई छत्र्या करू लागले, माणूस एका जागी रमणारा नव्हता.) बार्शी लाईट रेल्वे पंढरपूरला गेली, लातूरला गेली, १९२७ साली मिरजेला पोचली. शतक उलटल्यावर तिच्या जागी मोठे रूळ आले. कुर्डुवाडी-लातूर हा भाग २००८ पर्यंत रुंद झाला. लहान गाडीसाठी गळा काढणारे लेख तेव्हा पुष्कळ आले. मला ते पटले नव्हते. लातूरच्या माणसाला मुंबईची गाडी दारात मिळाली, हे चांगलेच झाले. ज्या गाडीवर लोकांचे पोट आणि औषधपाणी अवलंबून आहे, तिने वेळेवर आणि वेगाने गेले पाहिजे. तिथे गोडवा कामाचा नाही.

आणि ही चिमुकली रेल्वेदेखील वैरागला कधी आली नाही. म्हणून तर काकांच्या मोटारीला इतके महत्त्व. बार्शी किंवा सोलापूर गाठायचे तर रस्त्यानेच, आणि रात्री-अपरात्री अडलेली बाई न्यायची तर डॉक्टरांच्याच गाडीतून. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामांवर माणसे आजारी पडत; काका तिथवर हिला नेत. हिचे समोरचे टप बाजूच्या पंखांसकट अख्खेच्या अख्खे पुढे उलटते, त्यामुळे मेस्त्री पुढच्या चाकावर बसून आरामात काम करतो. ड्रायव्हर नसेल तेव्हा काका स्वतः बसत. पुढच्या चाकांच्या खालच्या सांध्यांना ग्रीस द्यायचे नसते, घट्ट तेल द्यायचे असते, हे त्यांनी मला मी दहावीत असताना दाखवले. मागची दोन्ही चाके स्वतंत्र झुलणारी. भर वळणात एकदम पाय उचलला तर ती आत दुमडू पाहतात. "वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी," काका सांगत. अशा गाडीत माणूस झोपाळू राहूच शकत नाही. पहिला गियर गाडी पुरती थांबल्याशिवाय टाकायचा नाही, ब्रेक दाबायला वेळेआधी सुरुवात करायची, दिवेलागणीनंतर बाहेर काढायची नाही. नव्या गाडीने यांतले काहीच मागितले नाही. ती अधिक सुरक्षित आहे यात वाद नाही. नातवंडांना मी तिच्यातूनच नेतो.

बार्शीत भगवंताचे दर्शन घेऊन बाराच्या सुमारास वैरागात शिरलो. गाव वाढले आहे. २०२१ साली तिथे नगरपंचायतीची पहिली निवडणूक झाली. दुकानांच्या पाट्या रुंद झाल्या, गल्ल्या होत्या तेवढ्याच राहिल्या. त्या गल्ल्यांत हेरल्डचा खरा गुण दिसतो. पंचवीस फुटांच्या घेरात ती पुरती वळते, तशी आजची कितीतरी लहान गाडीही वळत नाही. गल्लीच्या तोंडाशी अडकलेल्या एका पांढऱ्या उंच मोटारीसमोर मी जागच्या जागी गाडी फिरवली तेव्हा ओट्यावरचे एक म्हातारे उठून उभे राहिले. "डॉक्टरांची गाडी!" एवढेच ते म्हणाले आणि टोपी काढून बसले.

काकू शहाऐंशीची आहे. ऐकू थोडे कमी येते, बाकी सारे शाबूत. जेवणे झाल्यावर मी विषय काढला. कागदोपत्री गाडी माझ्या नावावर असली तरी तिला विचारल्याशिवाय विकणे बरे नव्हे, असे आमचे ठरले होते. त्या गृहस्थांविषयी सांगितले. ते हिला नवा रंग देतील, चकचकीत ठेवतील, पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ साली जो नियम झाला त्याखाली तिची 'विंटेज' म्हणून नोंद करतील.

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे काकू, नंबरात इंग्रजी 'व्हीए' अशी अक्षरे येतात. मग ती रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शनात, मिरवणुकीत न्यायची."

माझी समजूत होती की ती डोळ्यांना पदर लावील. ती म्हणाली, "विक की. मला मेलीला ती गाडी कधी आवडली नाही."

सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले.

"चोवीस वर्षं दारात होती," काकू म्हणाली, "पण तिचा आवाज आला की काळजात चर्र व्हायचं. कोणीतरी आजारी. ताट वाढलेलं असायचं, हे उठून जायचे. मी तिच्यात बसले ती मागे, कुणाचं तरी डोकं मांडीवर घेऊन. बार्शीला पोचेपर्यंत एक पोर माझ्या मांडीवर गेलं. फिरायला म्हणून मी तिच्यात एकदाही बसलेली नाही."

काही वेळ कोणी बोलले नाही. मग सौ. म्हणाली, "काकू, तुम्ही पुढे बसा. रानात जाऊ या आपण."

"कुणाचं काय झालंय?"

"कुणाचं काही नाही. हुरडा खायला."

पुढचे दार लांब असल्यामुळे काकूला बसवणे सोपे गेले. दोन दारांचा हा एक फायदा. सौ. मागे बसली. गावाबाहेर पडलो. संतनाथ हे वैरागचे ग्रामदैवत. काकूने त्या दिशेला हात जोडले आणि मग खिडकीची काच स्वतः फिरवून खाली घेतली. दोन्ही बाजूंना पूर्वी नजर पोचेल तिथवर शाळू असे. आता मध्ये मध्ये कांदा, द्राक्षांचे मांडव. खरिपात तर सोयाबीनच सोयाबीन. काकू प्रत्येक रान ओळखत होती. हे अमक्याचे, इथे तुझे काका चिखलात रुतले होते, इथल्या विहिरीवर त्यांना साप दिसला. "हळू का चालवतोस?" असे ती मधेच म्हणाली. मी पन्नासाचे साठ केले. तिचे पांढरे केस पदराबाहेर उडू लागले तेव्हा तिने ते आवरले नाहीत.

रानात आगटी पेटलेली होती. गूळभेंडीची कणसे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसून, काळी झाली की हातावर चोळायची. हाताला चटका बसतो आणि हिरवे, मऊ, गोड दाणे सुपात पडतात. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. राखणदार पोरगा गाडीपाशी जाऊन काचेतून आत बघत होता. काकू त्याला म्हणाली, "बस की आत. बोंगा वाजव." त्याने वाजवला. रानातली पाखरे उठली आणि काकू इतकी हसली की तिला ठसका लागला.

दिवे लागायच्या आत परतायचे म्हणून मी घाई करत होतो. गाडीत बसल्यावर तिने विचारले, "ते मुंबईचे गृहस्थ किती देतात म्हणालास?" मी आकडा सांगितला. तिने बोटांवर काहीतरी हिशेब केला.

"आणि कागद नवे करायला पाच हजार?"

"पाच हजार आणि वर किरकोळ."

"मग ते मी देते," काकू म्हणाली. "आता गावात शिरू नकोस इतक्यात. सोलापूरच्या रस्त्यानं जरा पुढे चल."