चवीपुरते मीठ म्हणजे किती?

वाचक भगिनींनो, नावाजलेल्या माणसांची पाककृतींची पुस्तके आता आपल्याही घरांत आली आहेत. कुणाला लग्नात भेट मिळते, तर कुणी रद्दीवाल्याकडून स्वस्तात आणते. तरला दलाल यांचे पहिले पुस्तक १९७४ साली निघाले. संजीव कपूर यांना १९९३ पासून 'खाना खजाना' या टीव्हीवरच्या कार्यक्रमाने घराघरांत नेले. पण मराठी घरात सर्वांत आधी नाव निघते ते कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'चे. हे पुस्तक १९७० साली आले आणि त्याचा खप एवढा झाला की कमलाबाईंना लोक 'सव्वा लाख सुनांची सासू' म्हणू लागले.

एवढे नाव का झाले? मला वाटते, त्याचे मोठे कारण म्हणजे वाटी आणि चमचा. कमलाबाईंनी माप वाटी-चमच्याचे दिले. घरात तराजू नसला तरी वाटी असतेच. कामावरून थकून आलेल्या बाईला ग्रॅम आणि मिलिलीटर सांगून काय उपयोग?

आमच्या घरी हे पुस्तक माझ्या मुलीने आणले. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. पुढे नोकरीसाठी पुण्याला जाणार, तिथे खोली करून राहणार, म्हणून स्वयंपाक शिकायचे तिने मनावर घेतले. सहा महिने दर रविवारी पुस्तकातला एक पदार्थ करायचा आणि घरच्यांना, शेजाऱ्यांना खाऊ घालायचा, असे आम्ही मायलेकींनी ठरवले. खाणारी मंडळी ठरलेली : सासूबाई, आमचे हे, त्यांच्या कामावरचे दोन मित्र, बाजूच्या काकू आणि मुलीची रत्नागिरीकडची एक मैत्रीण.

पहिल्या महिन्यातच एक गोष्ट कळली. खाणाऱ्याला 'कसं झालं?' असे विचारून काही उपयोग नाही. आपल्याकडे ताटावर बसलेला माणूस 'छान' याशिवाय दुसरे बोलत नाही. यांचे मित्र तर पहिला घास तोंडात जाण्याआधीच 'वहिनी, एक नंबर!' म्हणून मोकळे व्हायचे. तेव्हा मुलीने युक्ती काढली. 'कसं झालं?' न विचारता 'काय कमी आहे?' असे विचारायचे, आणि जेवण झाल्यावर ताटात काय उरले ते बघायचे. तोंड खोटे बोलेल, ताट बोलत नाही. कुणी दुसऱ्यांदा मागितले, कुणी वाटी हळूच बाजूला सरकवली, हे ती वहीत लिहून ठेवू लागली.

चिंचगुळाच्या आमटीच्या दिवशी तर घरात दोन पक्ष पडले. पदार्थ अगदी पुस्तकाप्रमाणे उतरला होता. गोड्या मसाल्याचा वास घरभर सुटला होता. रत्नागिरीच्या मुलीने तीन वाट्या घेतल्या आणि तिला घरची आठवण झाली. आमचे हे मात्र म्हणाले, "वरणात गूळ? हे जेवण आहे की प्रसाद?" सासूबाईंनी एक घोट घेतला, मिरचीचा ठेचा मागून घेतला आणि मुकाट्याने जेवल्या. आमटी एकच, पण जिभा वेगवेगळ्या गावच्या. सांगायचे तात्पर्य, पुस्तक बरोबर असले तरी ते एका घरचे असते. ते आपल्या घरी आले की पाहुणे म्हणून येते. त्याला आपल्या घरात कुठे बसवायचे, हे आपण ठरवायचे.

चकली मात्र सर्वांनी एकमताने पास केली. भाजणीचे सामान एकाच वाटीने मोजायचे, हा पुस्तकाचा मोठा धडा. आमच्या मांडणीवर तीन आकारांच्या वाट्या आहेत. तांदूळ एका वाटीने आणि डाळ दुसऱ्या वाटीने घेतली की प्रमाण बिघडते. सगळे एकाच वाटीने घेतले तर वाटी लहान की मोठी, याने फरक पडत नाही. पण मीठ-तिखट चमच्याने असते, म्हणून वाटी बदलली की चमचाही नव्याने ठरवावा लागतो. आणि नवा पदार्थ पहिल्यांदा पाव मापाने करावा. आपल्या घरात तेल आणि डाळ वाया घालवायला परवडत नाही.

पुस्तकी पदार्थांच्या या रविवारांतच सासूबाई एकदा म्हणाल्या, "बुकात सगळं लिवलं, अन् मिठाचं काय लिवलं? चवीपुरतं! चव कोणाची, बुकाची का खाणाऱ्याची?" आम्ही हसलो. पण मुलगी हसता हसता थांबली. ती म्हणाली, "आजी, तुझ्या रश्शात मीठ किती असतं?" सासूबाईंनी हात पुढे केला. "हे एवढं."

तो हात आता थरथरतो. याच हाताने त्यांनी लग्नाघरी लांब रोट्या करून संसार चालवला. नागपूरकडच्या भगिनींना रोट्या म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते : लोकवन गव्हाची कणीक पातळ कापडातून चाळायची, मीठपाण्यात सैल भिजवून आपटून आपटून तार येईपर्यंत मळायची. मग तो गोळा दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ताणत न्यायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकायचा. एका लग्नात शेकडो रोट्या व्हायच्या. सासूबाईंच्या हातावर अजून जुन्या चटक्यांचे डाग आहेत. त्यांच्या रश्शाची चव ज्याने घेतली, त्याने दुसरीकडचा रस्सा नावाजला नाही. आणि हे सगळे कुठेही लिहिलेले नव्हते. सासूबाई शाळेत गेल्या नाहीत. त्यांच्या आईने हाताने शिकवले, यांनी हाताने केले.

आपल्या घरांतले जेवण पुस्तकात फार उशिरा आले. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतल्या जेवणावर 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली लिहिले, आणि २०२४ साली ते इंग्रजीतही गेले. आईच्या, आजीच्या चुलीवरच्या ज्या पदार्थांचे नाव चारचौघांत घ्यायला लोक बिचकत, ते छापून आले. पण प्रत्येक घराचे कोण लिहिणार? ते त्या त्या घरानेच लिहायला हवे.

म्हणून पुस्तकातून शिकलेली मोजमापाची रीत आम्ही सासूबाईंच्या रश्शाला लावली. त्यांना वाटी-चमचा हातात दिला असता तर रस्सा बिघडला असता, कारण त्यांचा हात मोजत नाही. मुलीने उलटे केले. सामान त्यांच्यापुढे मोजूनच मांडले : १० सपाट चमचे मीठ, २ वाट्या खोबऱ्याचा कीस, ४ चमचे खसखस, ८ चमचे तिखट, तेलाच्या बाटलीवर खुणेची पट्टी. मग म्हणाली, "आजी, तू तुझ्या हातानं कर, आमच्याकडे बघू नको." रस्सा झाल्यावर जे उरले ते मोजले. मांडलेल्यातून उरलेले वजा केले की जे येते, तेच आजीचे माप.

मटण महाग, म्हणून हा प्रयोग पगाराच्या आठवड्यात महिन्यातून एकदाच, तोही अर्ध्या किलोचा. पहिल्या खेपेला मीठ लागले ३ चमचे. दुसऱ्या खेपेलाही ३. तिसऱ्या खेपेला अडीचच! मुलगी गोंधळली. "आजी, आज मीठ कमी टाकलंस?" सासूबाई म्हणाल्या, "कमी कायले टाकीन? आज पाणी कमी होतं ना." खरेच, त्या दिवशी खाणारे कमी होते म्हणून त्यांनी दोन पेले पाणी कमी घातले होते. तेव्हापासून वहीत पाणीही पेल्याने लिहिले जाऊ लागले. 'चवीपुरते' या शब्दात एवढा हिशेब दडलेला असतो.

अखेर परीक्षेचा दिवस ठरला. दोन पातेली. एकात सासूबाईंचा रस्सा, दुसऱ्यात मुलीने वहीवरून केलेला. कुठला कुणाचा हे कुणालाही सांगितले नव्हते. खाणारे तेच नेहमीचे. काकूंनी मुलीच्या पातेल्यातला दुसऱ्यांदा घेतला. यांच्या मित्रांपैकी एकाने एक सांगितला, दुसऱ्याने दुसरा. आमचे हे बराच वेळ दोन्ही वाट्या पुढे घेऊन बसले आणि म्हणाले, "सांगता येत नाही." आईच्या हातचे पन्नास वर्षे खाल्लेल्या माणसाला सांगता आले नाही, तेव्हा मुलीच्या डोळ्यांत पाणी आले.

ओळखले ते फक्त सासूबाईंनी. दोन्ही पातेल्यांचा नुसता वास घेतला आणि बोट दाखवले. "हा माझा. हिनं खोबरं लवकर उतरवलं." वहीत लिहिले होते 'खोबरे लाल भाजणे'. लाल म्हणजे किती लाल? मुलीने तिथेच खोडून लिहिले, 'विटेच्या रंगावर येईपर्यंत'. सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी मान हलवली. "आता बरोबर लिवलं."

रोट्यांचे मात्र वहीने काही जमवले नाही. पीठ मोजले, पाणी मोजले, मळायला लागणारा वेळ घड्याळ लावून लिहिला. कणीक अगदी तशीच झाली, पण मुलीच्या हातावर रोटी मनगटापर्यंत येते आणि फाटते. कोपरापर्यंत कशी न्यायची, हे कुठल्या चमच्याने लिहायचे? सासूबाई म्हणतात, "ते लिवून येत नाही बाई. ते बसून येते." म्हणून सुटीला आली की ती आजीजवळ चुलीपाशी बसते. काकूंची सूनही येते, मीही बसते. सासूबाई पाटावर बसून नुसत्या बघतात आणि कुणाचा हात कुठे चुकला ते सांगतात. माझी रोटी आता मनगटाच्या पुढे जाते. कोपर अजून लांब आहे.

भगिनींनो, प्रसिद्ध माणसांची पुस्तके जरूर आणा, त्यातले पदार्थ करा, घरच्यांना खाऊ घाला. त्यातून नवी चव कळते आणि मोजायची सवय लागते. पण ती सवय लागली की एक शंभर पानी वही घ्या. घरात आई, सासू, आजी, आत्या जी कुणी थोरली बाई असेल, तिचा एकच पदार्थ निवडा. सामान मोजून तिच्यापुढे मांडा, तिला तिच्या हाताने करू द्या आणि उरलेले मोजा. असे एकदा नाही, तीनदा करा. पाणी लिहा, जाळ लिहा, रंग लिहा. मग तिच्याशिवाय तुम्ही तो पदार्थ करा आणि तिलाच चाखायला द्या. जे लिहून येत नाही, त्यासाठी तिच्याजवळ जाऊन बसा.

हे काम सणावारावर ढकलू नका. तिचा हात चालतो आहे आणि तिला वास कळतो आहे, तोवरच हे होण्यासारखे आहे.