कायमचा पत्ता

घर पाहावे बांधून, असे ज्याने म्हटले तो खासच भाडेकरू नसावा. घर बांधणाऱ्याचे हाल म्हणीत जाऊन बसले. उतारवयात खोली शोधत हिंडणाऱ्याचे हाल कोणाच्या गावीही नाहीत. पूर्वी खोलीला ओळख लागे, पुढे पागडी लागू लागली, आता अर्ज लागतो. आणि अर्ज म्हटला की आमच्याकडे मास्तर आलाच. मी कादंबऱ्या लिहितो हे भोरमध्ये थोड्यांना ठाऊक आहे. अर्ज लिहितो हे सर्वांना. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच, पण अर्जाला तेवढे पुरते.

2023 साली नाना असेच कागद घेऊन माझ्याकडे आले. नाना वेल्ह्याकडच्या डोंगरातले. उमेदीची वर्षे मुंबईच्या गिरणीत साच्यावर गेली. आता वय शहात्तर. 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव असलेल्या कामगारांना, अथवा त्यांच्या वारसांना, घर मिळायचे होते. त्याच जानेवारीच्या 18 तारखेला संप सुरू झाला आणि नानांची गिरणी सुटली ती कायमचीच. घरासाठी सुमारे दीड लाख अर्ज आले. 2012 च्या सोडतीत घरे निघाली सात हजारांच्या आत. नानांचा नंबर लागला नाही. आता म्हाडाने कागदपत्रे पुन्हा मागवली होती.

नानांनी पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. गिरणीचा पास, तिकीट नंबर, प्रॉव्हिडंट फंडाचा आकडा, पिवळी पडलेली पगाराची चिठ्ठी! एवढा पुरावा एखाद्या राजघराण्यालाही देता यायचा नाही. सारे भरभर लिहून झाले आणि गाडी एका रकान्यापाशी अडली : कायमचा पत्ता.

“मुंबईत कुठे राहायचात, नाना?”

“गावच्या खोलीवर.”

ही गावची खोली म्हणजे मोठी नामी संस्था. गावकऱ्यांनी मिळून एक खोली भाड्याने धरायची, प्रत्येकाने महिन्याला वर्गणी द्यायची, जेवण खानावळीत घ्यायचे. दिवसपाळीवाला उठला की त्याच पथारीवर रातपाळीवाला आडवा होई. खोली कोणा एकाची नव्हे, गावाची. एक गेला की त्याची वळकटी जाई, आणि खुंटीवर दुसऱ्याची पिशवी लागे.

अशा चाळींतल्या खोलीचा आकार तो केवढा! 1920 नंतर उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतली खोली 160 चौरस फुटांची. गंमत अशी, की पुढे एमएमआरडीएने गरिबांसाठी भाड्याची घरे बांधायची योजना काढली, तेव्हा तिथलेही घर 160 चौरस फुटांचेच निघाले! पनवेलजवळ कोन येथे अशी घरे उभी राहिली, परंतु ती भाड्याने गेलीच नाहीत. दोन-दोन जोडून एकेक घर केले आणि 2 डिसेंबर 2016 रोजी गिरणी कामगारांसाठी 2,417 घरांची सोडत काढली. किंमत सहा लाख, तीही मालकी हक्काने. चाव्या हाती पडायला पुढे कित्येक वर्षे लागली.

सहा लाखांचा आकडा ऐकून नाना म्हणाले, “तेवढ्यासाठी खाचरं इकावी लागतील. मास्तर, मला इकत नगं. माझ्यापुरतं भाड्यानं द्या. मी गेलो की दुसऱ्या म्हाताऱ्याला द्या.”

मी अर्ज वरून खाली पुन्हा वाचला. वारसाचा रकाना होता. दुसऱ्या म्हाताऱ्याचा नव्हता.

गावात नाना उपाशी नाहीत. पण वडिलोपार्जित घरात पुतण्यांचा संसार वाढला आहे, आणि पावसाळ्यात रात्री छातीत कळ आली तर डॉक्टर गाठायचा कसा? म्हणून दवाखान्याजवळ भोरमध्येच एखादी खोली पाहायला आम्ही निघालो. एका घरमालकांनी चहा पाजला, नानांची आपुलकीने चौकशी केली, आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “वय फार आहे हो. उद्या काही झालं तर?” दुसरे तयार झाले, पण करार अकराच महिन्यांचा आणि भाडे नानांच्या ऐपतीबाहेरचे. नाना हसून म्हणाले, “अकरा महिने म्हणजे लई झाले की! तेवढी खातरी तर माझीच नाय.”

दोन्ही घरमालकांना मी दोष देत नाही. एकट्या म्हाताऱ्याची जोखीम एका घराने का पत्करावी? ती गावाने पत्करायची असते, आणि गावाच्या आवाक्याबाहेर गेली तर सरकारने. त्या गावच्या खोलीने वर्षानुवर्षे हेच तर केले होते! आपण घर देऊ लागलो की मालकी देतो, आणि मालकी देताना किंमत मागतो. पण आयुष्याच्या शेवटी माणसाला मालकी थोडीच हवी असते? त्याला हवे असते आतून कडी लावता येणारे एक दार, आणि ‘उठा’ असे कोणी म्हणणार नाही एवढी हमी.

2024 साली मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करायला मंजुरी दिली. नानांच्या पत्त्यातला तालुकाही बदलला. मे 2025 मध्ये राज्याचे नवे गृहनिर्माण धोरण आले. त्यात ज्येष्ठ नागरिकांच्या घरांचा विचार आहे. मी ते नानांना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, पिशवीतला गिरणीचा पास चाचपला आणि विचारले, “अर्ज कधीपासून घेणार म्हणत्यात?”