न समजलेला खटला

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली दोन कलमं शेजारी ठेवून वाचावीत. कलम 314 म्हणतं, हजर असलेल्या आरोपीला साक्षीची भाषा कळत नसेल तर ती साक्ष त्याला कळणाऱ्या भाषेत, भर न्यायालयात सांगितलीच पाहिजे. नागपुरात तमिळ मजुरावर खटला चालला तर त्याला दुभाषी कशाला, असं कोणी विचारत नाही. कलम 357 मात्र अशा आरोपीबद्दल आहे, जो मनोरुग्ण नाही, पण ज्याला कामकाज समजावून देता येत नाही. तिथे न्यायालयाला खटला पुढे चालवण्याची मुभा आहे. दोषी ठरलाच तर कागदपत्रं उच्च न्यायालयाकडे पाठवायची. 1898 च्या संहितेत ही तरतूद होती, 1973 च्या संहितेतही होती आणि 1 जुलै 2024 पासून ती नव्या क्रमांकानं लागू आहे. शाळेचं तोंड न पाहिलेला, कोणतीही प्रमाण खुणांची भाषा न शिकलेला कर्णबधिर माणूस नेमका या कलमात सापडतो. समजावून देता आलं नाही, हा दोष त्याचा की न्यायालयाचा, हे कलम विचारतच नाही. माझ्या मते दुभाषी ही दिव्यांगाला दिलेली सवलत नाही. त्याच्याशिवाय झालेली सुनावणी ही सुनावणीच नव्हे.

साक्षीदाराच्या बाबतीत कायदा यापुढे गेलेला आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 125 नुसार बोलू न शकणाऱ्याची साक्ष नोंदवताना दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यावी लागते आणि चित्रीकरणही करावं लागतं. चित्रीकरण का, हे राजस्थान सरकार विरुद्ध दर्शन सिंह या 2012 च्या निकालावरून कळतं. नुसता अर्थ पुरेसा नाही, साक्षीदारानं केलेल्या खुणाही नोंदल्या जाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात सांगितलं. कागदावर फक्त दुभाष्याचं वाक्य उरलं तर अपिलात ते कशाशी ताडून पाहणार? त्यातून दुभाषी म्हणून घरचंच माणूस उभं केलं आणि गुन्हाही घरातच घडला असेल, तर सत्य बाहेर येण्याची वाटच बंद होते. 2021 मध्ये पाटण जमाल वली प्रकरणात अंध पीडितेनं आरोपीला आवाजावरून ओळखलं होतं. दिव्यांग आहे म्हणून तिची साक्ष दुय्यम ठरत नाही, असं न्यायालयानं तेव्हा ठामपणे म्हटलं.

यावर एक गंभीर आक्षेप आहे: दुभाषी साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालील आणि आरोपीवर अन्याय होईल. ही भीती खरी आहे, म्हणूनच चित्रफीत हवी. ती बचाव पक्षाच्याच हातातलं साधन आहे. खूण एक आणि अर्थ भलताच, हे उलटतपासणीत तिच्याच आधारे दाखवता येतं. दुसरा आक्षेप दुभाष्यांच्या तुटवड्याचा. तुटवडा आहेच. त्यात खेड्यातल्या कर्णबधिराच्या खुणा अनेकदा त्याच्या घरापुरत्याच असतात. त्या शहरातून आलेल्या प्रशिक्षित दुभाष्यालाही उमगत नाहीत. अशा वेळी त्या खुणा जाणणारी, खटल्याशी संबंध नसलेली दुसरी कर्णबधिर व्यक्ती मध्ये बसवावी लागते. याला वेळ लागतो, पैसाही लागतो. पण माणसाला तुरुंगात धाडणाऱ्या यंत्रणेनं हा खर्च जास्त आहे असं म्हणू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं कलम 12 साक्ष ज्याच्या त्याच्या पसंतीच्या भाषेत आणि माध्यमात नोंदवण्याची सोय सरकारवर सोपवतं, आणि तो कायदा 2016 चा आहे.

कलम 357 मध्ये एक अट घालायला हवी: समजावण्याचे सारे प्रयत्न झाले, हे चित्रफितीवरून पटल्याखेरीज खटला पुढे नेऊ नये. तोवर माझी वकील मित्रांना विनंती आहे की, पहिल्याच तारखेला दुभाष्यासाठी अर्ज द्या आणि तो फेटाळला तर कारणं लेखी मागा.