हद्दीवरचा फलक

लेक गाडी चालवत होती आणि मी तिला तिसऱ्यांदा थांबायला लावलं. "अब्बा, आता काय राहिलं?" फलक राहिला होता. व्हर्जिनियात फेअरफॅक्स आणि लाउडन या दोन काउंट्यांच्या हद्दीवर, रस्त्याच्या कडेला खांबावर तो उभा होता. चंदेरी रंग, काळी अक्षरं, माथ्यावर राज्याची मुद्रा. या राज्यात १९२७ पासून असे फलक लावले जातात. हद्दीवरच्या फलकाची गंमत म्हणजे दोन्ही बाजूंना मजकूर वेगळा. ज्या काउंटीत तुम्ही शिरताय, तिची जन्मकथा तुमच्या तोंडासमोर येते.

काउंटी म्हणजे आपला जिल्हाच समजा. लाउडन १७५७ साली फेअरफॅक्समधून निघाली. मागे जाऊन वाचलं तर फेअरफॅक्सही १७४२ सालची, प्रिन्स विल्यममधून निघालेली. मग मला राहवेना. गाडीत बसून लेकीला फोनवर पुढचं शोधायला लावलं. प्रिन्स विल्यम १७३१ ची, स्टॅफर्ड आणि किंग जॉर्जमधून. स्टॅफर्ड १६६४ ची, वेस्टमोरलँडमधून. आमच्या घरी ट्रंकेत दादांचा शजरा आहे ना, तसाच हा जिल्ह्यांचा शजरा. कारण साधं होतं. वस्ती पश्चिमेला सरकत गेली आणि कोर्टाचं गाव लांब पडू लागलं. जमिनीचा कागद करायला घोड्यावरून किती जायचं माणसानं?

नावं मात्र राजाच्या दरबारातली. लाउडन हा स्कॉटलंडचा सरदार. त्याला व्हर्जिनियाचा गव्हर्नर नेमलं, पण कारभार बघायला तो कधी इकडे आलाच नाही. प्रिन्स विल्यम हा राजाचा मुलगा, काउंटीला त्याचं नाव दिलं तेव्हा तो जेमतेम दहा वर्षांचा. याच भागात पूर्वी डोग नावाचे मूळ रहिवासी राहत. त्यांच्या नावाची काउंटी या शजऱ्यात कुठेच नाही.

मी एवढा वेळ का थांबलो, ते लेकीला ठाऊक होतं. तिच्याकडे यायचे कागद करताना मी एका कचेरीत अडकलो होतो. माझा जन्म औशाचा. जन्माच्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद, पासपोर्टवर लातूर. खिडकीमागचा तरुण म्हणाला, "काका, नक्की कुठं जन्मलात?" मी म्हटलं, त्याच घरात. घर हललं नाही, जिल्हा हलला. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर वेगळा झाला आणि औसा तिकडे गेलं. त्याला ते कळलं, पण फॉर्मला कळेना. शेवटी शंभराच्या स्टँपवर प्रतिज्ञापत्र करून दिलं की मी एकच माणूस आहे. आता तर उस्मानाबादचंही धाराशिव झालंय. म्हणजे माझ्या दाखल्यावरचा जिल्हा नकाशात शोधायला गेलं तर सापडायचा नाही.

नावं तिथंही बदलतात. जवळच्याच आर्लिंग्टनमध्ये ली हायवेचं नाव २०२१ साली लँगस्टन बुलेव्हार्ड झालं. जनरल लीचं नाव गेलं, गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या माणसाचं आलं. ते मला पटलं. उस्मानाबादचं नाव गेलं तेव्हा मात्र दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. आता ही माझी लबाडी की आणखी काही, याचा विचार मी अजून करतोय. धाराशिव हे नावही जुनंच आहे, हे मला शाळेपासून माहीत आहे.

पण तो फलक मला आवडला तो एका कारणासाठी. कुठून निघालो, हे तो लपवत नाही. लातूरच्या हद्दीवर तुम्हाला स्वागताची कमान दिसेल, नेत्यांचे फोटो दिसतील. आई कोण, हे कुठं लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

फोटो काढून औशाला आपाला पाठवला. तिचा लगेच फोन. "इतक्या लांब जाऊन पाटीचा फोटो काढलास? पोरीचा काढ की."